भीतीचे अंतर

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यातील ९ तारखेची संध्याकाळ आम्हांला चांगली आठवते. मोतमावलीच्या जत्रेला चार-पाच दिवस उरले होते. घरात नव्या कपड्यांची, मेणबत्त्यांची आणि बांद्र्याला कोणत्या गाडीने जायचे याची बोलणी चालली होती. अशा वेळी आमच्या धाकट्या भावाची मुलगी, जी तेव्हा सहावीत शिकत होती, आमच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "काका, उद्या जग बुडणार ते सकाळी की दुपारी?" जिनिव्हाजवळ शास्त्रज्ञ जमिनीखाली एक प्रचंड यंत्र सुरू करणार, त्यातून एक कृष्णविवर जन्मास येणार आणि ते प्रथम त्या यंत्रास, मग युरोपास आणि अखेरीस सबंध पृथ्वीस गिळून टाकणार, असे दूरचित्रवाणीवर दोन-तीन दिवस दाखवले जात होते. आम्ही हसलो. "जत्रा झाल्याशिवाय जग बुडत नाही," असे म्हणून आम्ही तिला जेवायला पिटाळले. वडीलधाऱ्यांचे हे हसणे किती सोपे असते!

दुसऱ्या दिवशी जग बुडाले नाही. परंतु त्यानंतरच्या वृत्तपत्रांत एक छोटी बातमी आली. मध्य प्रदेशातील सोळा वर्षांच्या एका मुलीने या बातम्या पाहून भेदरून जाऊन आपले जीवन संपवले होते. 'असल्या गोष्टींची काळजी करू नकोस' अशी समजूत घरच्यांनी घालून पाहिली होती, असेही त्या वृत्तात म्हटले होते. ती बातमी वाचून आमचे परवाचे हसू आमच्याच घशात अडकले. आम्हीही दुसरे काय केले होते?

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. ज्या गोष्टीस भिण्याचे कारण नाही तिला कोणी भीत असेल, तर त्या भीतीचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते? भिणाऱ्याचे अज्ञान, भिवविणाऱ्याचा लोभ, की ज्याला चार गोष्टी ठाऊक होत्या आणि तरीही जो हसून मोकळा झाला त्याचा आळस? या प्रश्नाचा विचार करायचा तर प्रथम ती भीती किती खरी व किती खोटी होती हे पाहिले पाहिजे. म्हणून आकाशाकडे वळणे भाग आहे. त्या आठवड्यात आम्ही पुतणीला अंगणात घेऊन बसलो आणि जे सांगितले तेच येथे मांडतो. पुढील वर्षांत जे नवे कळले त्याची भरही घालतो.

ढगांच्या फटीतून केळीच्या वाडीवर चंद्र दिसत होता. पौर्णिमा जवळ आली होती. "तो चंद्र पडतो आहे," असे आम्ही तिला म्हणालो. तिने अविश्वासाने पाहिले. परंतु हे शब्दशः खरे आहे. झाडावरून सुटलेला नारळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून नारळाच्या साठपट दूर आहे, आणि गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून चंद्र एका सेकंदात त्याच्या ३६०० व्या हिश्शाएवढा, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. मग तो आजवर आपल्या वाडीत येऊन का आदळला नाही? कारण त्याच एका सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर आडवा सरकतो. आडवे सरकणे आणि खाली पडणे यांचा असा मेळ बसला आहे, की तो सदैव पडतो आणि सदैव पृथ्वीला चुकवतो. या चुकवण्यालाच आपण कक्षा म्हणतो.

न्यूटनने हे समजावण्यासाठी उंच पर्वतावरून आडव्या डागलेल्या तोफगोळ्याचे उदाहरण घेतले होते. पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटरांवर तिचा पृष्ठभाग सुमारे पाच मीटर खाली वळलेला असतो. दूर गेलेल्या होडीचे शीड दिसते पण धड दिसत नाही, हे आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. तेव्हा हवेचा अडथळा नसेल आणि गोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने सुटला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्या खालून वळत जाईल. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीर तरंगताना दिसतात ते तेथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश एवढे असते. ते तरंगतात, कारण ते स्थानकासह अखंड पडत असतात. स्वतः आपली पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावत असताना त्याच सेकंदात सुमारे तीन मिलिमीटर सूर्याकडे पडते. आपण सारेच पडत आहोत, आणि या पडण्यातच आपली सुरक्षितता आहे.

येथे पुतणीने जो प्रश्न विचारला तो आम्हांला सुचला नसता. "मग न्हाणीघराच्या मोरीत पाणी गोल फिरतं, ते का आत जातं? ते का चुकवत नाही?" आमच्या मते कृष्णविवराविषयीची सारी गैरसमजूत या मोरीतून वर येते. पृथ्वीवर आपण जे जे गोल फिरताना पाहतो ते अखेर थांबते किंवा आत ओढले जाते: मोरीतले पाणी, परातीत सोडलेली गोटी, अंगणातला भोवरा. या सर्वांच्या मागे घर्षण असते. घर्षण आडवा वेग खाऊन टाकते, आणि आडवा वेग गेला की उरते ते निव्वळ पडणे. आकाशाच्या पोकळीत पृथ्वीच्या वाटेला असे घर्षण जवळजवळ नाहीच. म्हणून मोरीचे चित्र आकाशावर चिकटवणे चूक आहे. पण आयुष्यभर मोरीच पाहिलेल्या माणसाने दुसरे कोणते चित्र चिकटवावे?

त्यात नावाने भर घातली. इंग्रजीतील 'ब्लॅक होल' हे नाव जॉन व्हीलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६७ च्या अखेरीपासून रूढ केले. त्याआधी काही जण त्यास 'गोठलेला तारा' म्हणत. गोठलेल्या ताऱ्याला कोण भिईल? पण 'होल' म्हटले की माणूस आधी पाय मागे घेतो. आपल्याकडे ज्यांनी इतिहासाच्या पुस्तकात १७५६ ची कोलकात्याची अंधारकोठडी वाचली होती त्यांच्या कानाला तर हे नाव अधिकच भेसूर लागले असेल. मराठीत 'कृष्णविवर' हा शब्द घरोघरी पोहोचवण्याचे मोठे श्रेय जयंत नारळीकर यांना जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनावाने पाठवलेल्या विज्ञानकथेचे नावच 'कृष्णविवर' होते. शब्द देखणा आहे. तरीही विवर म्हटले की त्याला तोंड आले, आणि तोंड आले की भूक आली!

वस्तुतः कृष्णविवर म्हणजे भोक नव्हे. पुष्कळ वस्तुमान अतिशय थोड्या जागेत दाटून बसले, तर त्याच्या निकट असा एक प्रदेश निर्माण होतो की जेथून प्रकाशदेखील सुटू शकत नाही. त्या प्रदेशाच्या सीमेस घटनाक्षितिज म्हणतात. सूर्याएवढे वस्तुमान असेल तर हे क्षितिज केंद्रापासून केवळ तीन किलोमीटरवर असते. पृथ्वीला इतके चेपायचे तर तिची लहानशा बोराएवढी गोळी करावी लागेल. आता कल्पना करा, की आज मध्यरात्री कोणी सूर्य काढून घेतला आणि त्याच जागी त्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले. पृथ्वी त्यात खेचली जाईल काय? मुळीच नाही. गुरुत्वाकर्षणाला वस्तुमान आणि अंतर एवढेच कळते. ओढणारी वस्तू उजळ आहे की काळी याची ते विचारपूस करीत नाही. पृथ्वी आपल्या त्याच वाटेने, त्याच तीनशे पासष्ट दिवसांत फिरत राहील. सव्वाआठ मिनिटांनी प्रकाश मात्र संपेल आणि मग आपण गारठून मरू. म्हणजे त्या आपत्तीतही भिण्याचे खरे कारण अंधार व थंडी हे असेल, खेचले जाणे नव्हे.

ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही. सुमारे १५६० प्रकाशवर्षे दूर आपल्या सूर्यासारखाच एक तारा आहे. तो दिसत नसलेल्या कशाभोवती तरी १८६ दिवसांत फेरी पूर्ण करतो असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसून आले. त्या अदृश्य सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या साडेनऊपटीहून थोडे अधिक आहे. ते कृष्णविवर आहे, आणि आजवर सापडलेल्यांत आपल्याला सर्वांत जवळचे आहे. दोघांतील अंतर पृथ्वी-सूर्य अंतराहून फार निराळे नाही. तारा स्वस्थपणे फिरतो आहे, त्याला कोणी गिळलेले नाही. येथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. यॉर्कशायरमधील थॉर्नहिल गावी जॉन मिचेल नावाचे एक अँग्लिकन धर्मगुरू होते. ज्याच्यातून प्रकाशही सुटणार नाही असा तारा असू शकेल, असे त्यांनी १७८३ सालीच लिहिले होते. तो दिसणार नाही, पण त्याच्याभोवती दुसरा तारा फिरत असल्यास त्या फिरण्यावरून त्याचा पत्ता लागेल, असेही त्यांनी सुचवले होते. लहानशा चर्चचा कारभार पाहणाऱ्या या गृहस्थांनी दाखवलेली वाट २३९ वर्षांनी अशी उपयोगी पडली.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, धनू राशीच्या दिशेस, याहून फार मोठे कृष्णविवर आहे. त्याचे वस्तुमान त्रेचाळीस लाख सूर्यांएवढे आहे. त्याच्याभोवती 'एस-२' नावाचा तारा सोळा वर्षांत लांबट प्रदक्षिणा घालतो. मे २०१८ मध्ये तो त्या कृष्णविवराच्या सर्वांत जवळ, सुमारे १८०० कोटी किलोमीटरवर, सेकंदाला ७७०० किलोमीटर वेगाने येऊन गेला. येऊन 'गेला' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. हे सारे दशकानुदशके धीराने मोजत बसलेल्या दोन गटांचे प्रमुख, राइनहार्ड गेंझेल व अँड्रिया गेझ, यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आम्ही कृष्णविवराचे वकीलपत्र घेतलेले नाही. त्याचा धोका खरा आहे, परंतु त्या धोक्याला पत्ता आहे. क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आत स्थिर कक्षा राहत नाही (फिरत नसलेल्या कृष्णविवराचे हे गणित आहे). सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही सीमा नऊ किलोमीटरवर येते. तेथवर पोहोचण्याआधीच, हजार किलोमीटरवरदेखील, पायांवरील व डोक्यावरील ओढीत इतका फरक पडेल की मनुष्यदेह टिकणार नाही. चंद्र ज्या फरकाने समुद्राला भरती आणतो तोच हा फरक, पण अतिरेकाला गेलेला. जेथे वायूचे ढग एकमेकांवर घासतात तेथे घर्षण असते, आणि मग कृष्णविवर खरोखरच मोरीसारखे वागते. शिवाय दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर एक होतात. तशा एका मीलनाचा कंप १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील वेधशाळांनी टिपला, आणि तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. नेमके बोलायचे तर पृथ्वीची कक्षाही अशा लहरींमुळे झिजते. पण पृथ्वी व सूर्य मिळून त्यात जी शक्ती गमावतात ती अवघी दोनशे वॅट, म्हणजे घरातल्या दोन-चार जुन्या दिव्यांएवढी. त्या झिजेसाठी कोणी झोप गमावू नये.

आता त्या यंत्राकडे येऊ. स्वित्झर्लंड व फ्रान्सच्या सीमेवर सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ते आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी त्यात कणांचा झोत केवळ फिरवून पाहायचा होता. ज्या टकरींची भीती घातली जात होती त्या त्या दिवशी व्हायच्याच नव्हत्या. एवढी साधी गोष्ट सांगायला दोन वाक्ये पुरली असती, परंतु ज्या पडद्यावर जगाचा अंत विकला जात होता तेथे ती दोन वाक्ये क्वचितच ऐकू आली.

तथापि भिणाऱ्यांना मूर्ख ठरवून हा विषय मिटवणे आम्हांस मान्य नाही. याच यंत्राविरुद्ध मार्च २००८ मध्ये हवाई येथील न्यायालयात दावा दाखल झाला होता. तो पुढे फेटाळला गेला. पण त्यामागील प्रश्न नीतीचा होता, आणि आमच्या मते रास्त होता. पणास लागले आहे ते सर्वांचे जग. मग शक्यता कितीही थोडी असली, तरी ती थोडी आहे हे ठरवण्याचा अधिकार मूठभर तज्ज्ञांना कोणी दिला? 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे याचे उत्तर होऊ शकत नाही.

सुदैवाने शास्त्रज्ञांनी तेवढेच उत्तर दिले नाही. त्यांचे म्हणणे असे, की या यंत्रातील टकरींहून जोरदार टकरी निसर्ग अब्जावधी वर्षे करीत आला आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर सतत आदळतात, आणि तरी पृथ्वी शाबूत आहे. यावर आक्षेपकांनी बिनतोड शंका काढली. विश्वकिरणांतून एखादे सूक्ष्म कृष्णविवर जन्मलेच, तर ते त्याच वेगात पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. यंत्रातले मात्र मंद असेल आणि येथेच राहील. शंका खरी होती. तेव्हा २००८ मध्येच तिला नवे उत्तर शोधण्यात आले. श्वेत बटू व न्यूट्रॉन तारे इतके घन असतात, की असे वेगवान कृष्णविवर त्यांत अडकून पडले असते आणि त्यांना खाऊन बसले असते. ते जुने तारे आजही आकाशात आहेत. आमच्या लेखी या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग हाच. एकाने भीती व्यक्त केली, दुसऱ्याने ती हसण्यावारी न नेता तिच्यातील नेमका मुद्दा उचलला आणि ज्याला तपासायचे असेल त्याला तपासता येईल असे उत्तर दिले. दुर्दैव एवढेच, की हा सन्मान दावा दाखल करू शकणाऱ्याच्या भीतीला मिळाला. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या भीतीला मिळाला नाही.

भीती हा स्वतः दोष नव्हे, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितले. जे भिण्याजोगे आहे त्याला, भ्यावे तितके आणि भ्यावे तेव्हा भिणे हे त्याच्या मते धैर्याचेच अंग आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. विवेकाची मर्यादा सोडलेल्या भीतीस त्यांनी दोष मानले, आणि लगेच पुढच्याच प्रकरणात भिण्याजोग्या गोष्टीस न भिणे हाही दोषच ठरवला. म्हणजे प्रश्न प्रमाणाचा आहे. पण प्रमाण ठरवायला मोजमाप हाती लागते, आणि प्रत्येकाच्या हाती ते असतेच असे नाही. सहावीतल्या मुलीला तीन किलोमीटर व पंधरा कोटी किलोमीटर या दोन आकड्यांतील दरी कोणी दाखवली नाही, तर ती भीतीला प्रमाण आणणार कोठून? जेथे मोजमाप दुसऱ्याच्या हाती आहे तेथे प्रमाण राखण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे जाते, असे आम्हांस वाटते.

भिवविणाऱ्याचा दोष उघड आहे. त्यावर शाई खर्चण्याची आवश्यकता नाही. आम्हांला अधिक टोचतो तो दुसरा, सभ्य माणसाचा दोष. 'घाबरू नकोस' हे वाक्य प्रेमाचे असते, पण त्यात भिणाऱ्याला धरायला काही नसते. ते त्याला सांगते, की तुझी भीती चूक आहे; का चूक आहे ते सांगत नाही. परिणामी भीती जेथल्या तेथे राहते आणि तिच्यात एकटेपणाची भर पडते. उलट "तो चंद्र पडतो आहे" हे वाक्य वरवर पाहता किती भयंकर! पण ते ऐकून मूल रडत नाही, प्रश्न विचारू लागते.

त्या दिवशी अंगणात इतके सारे आम्ही अर्थातच सांगितले नाही. त्यातले निम्मे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. चंद्र, नारळ, मोरी आणि सूर्याच्या जागी ठेवलेले काळे बोचके, एवढ्यावर आमची मजल होती. पुतणी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेपरातल्या त्या ताईला हे कोणी सांगितलं नाही का?" बातमी तिनेही वाचली होती, हे आम्हांला तेव्हा कळले. आम्ही म्हणालो, बहुधा नाही. "तुम्हीपण मला परवा नाही सांगितलं," ती म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिने जे घडले तेवढेच सांगितले होते.

रविवारी आम्ही सर्व जत्रेला गेलो. पावसाची एक सर येऊन गेल्यामुळे पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. तिने मेणबत्त्या घेतल्या तेव्हा स्वतःसाठीच्या मेणबत्तीशिवाय एक अधिक मागून घेतली, आणि ती कोणासाठी हे आम्ही विचारले नाही. उतरताना तिचे भाऊ मोठ्या पाळण्यात बसायला धावले. ती खालीच थांबली. उंचीची तिला भीती वाटे. भाऊ वरून तिला चिडवू लागले, तेव्हा आम्ही त्यांना गप्प केले आणि पाळणा थांबेपर्यंत तिच्यासोबत खाली उभे राहिलो.